कोंडाजीच्या शाबूत बाटल्या

चाकणच्या मोटारस्टँडवर त्या काळी सोड्याची दोन दुकानं होती. नाशिक रस्त्याच्या एका बाजूला कोंडाजीचं आणि समोर दत्तोबाचं. नाशिककडे जाणारी गाडी कोंडाजीच्या दारात थांबायची, पुण्याकडे जाणारी दत्तोबाच्या. तेव्हा गिऱ्हाइकांची वाटणी आपोआप व्हायला हवी होती. पण नाशिकच्या गाडीतून उतरलेली माणसंही धोतराचा सोगा सावरत, बैलगाड्या चुकवत रस्ता ओलांडायची आणि दत्तोबाकडे जायची. कोंडाजीच्या डोळ्यांदेखत.

तीन वर्षं हे असंच चाललं होतं आणि तीन वर्षं कोंडाजी बसल्या जागेवरून ते बघत होता.

खरं म्हणजे चाकणात सोडा आणला तो कोंडाजीनं. त्याचा बाप कांद्याच्या वखारीत हमाल होता. पोरानंही पाठीवर पोतं घ्यावं असं त्याला वाटायचं. कोंडाजी ते न ऐकता पुण्याला पळाला आणि लष्कर भागातल्या एका सोडा फॅक्टरीत बाटल्या धुवायला राहिला. दहा-बारा वर्षं त्यानं तिथं काढली. लढाईच्या दिवसांत मालकानं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं त्यानं पगारातून फेडून घेतलं आणि बैलगाडीत घालून गावी आणलं. यंत्र कसलं, एक लोखंडी चौकट, तिला जाळीचा पिंजरा आणि बाजूला हातानं फिरवायचं चाक. पिंजऱ्यात गोटीच्या बाटल्या बसवायच्या, गॅस सोडायचा, चाक फिरवायचं. बाटल्या उलट्या-सुलट्या होता होता गोटी गळ्यात येऊन घट्ट बसायची. पहिल्या दिवशी अर्धं चाकण ते बघायला जमलं होतं. बाटलीची गोटी अंगठ्यानं आत ढकलली की 'फट्' असा आवाज व्हायचा आणि बायाबापड्या दचकून मागं सरायच्या.

पुढची बारा वर्षं स्टँडवर तो एकटाच सोडावाला. माणूस कामाला चोख. बाटली तीन पाण्यांनी धुवायचा, लेमनमध्ये साखर कधी कमी पडू द्यायचा नाही. पण तोंडानं आखडू. गिऱ्हाइकानं 'काय कोंडाजी, बरं आहे का?' म्हटलं तर 'हां' एवढंच उत्तर. बाटली हातात द्यायची आणि ती परत कधी मिळते याकडे डोळे लावून उभं राहायचं.

मग त्रेपन्न साली कुर्डुवाडीकडून दत्तोबा आला. तिकडच्या जंक्शनवर तो आगगाड्यांना सोडा विकायचा. बायकोचं माहेर चाकणजवळचं, म्हणून इकडे सरकला. पंचविशीतला, काळासावळा, सदा हसतमुख. त्याच्या बाटल्या कोंडाजीपेक्षा काही बऱ्या धुतलेल्या नसत. एकदा कोंडाजीनं तिऱ्हाइताला पाठवून त्याचा लेमन आणवला, एक घोट घेतला आणि उरलेला मोरीत ओतला. "नुसतं पाणी हाय," तो बायकोला, मंजुळाबाईला म्हणाला. मंजुळाबाई म्हणाली, "पाणी हाय तर लोक का पितात?"

त्याचं उत्तर कोंडाजीला ठाऊक होतं, म्हणून तर तो जळत होता. दत्तोबाला प्रत्येक ड्रायव्हरचं नाव माहीत, त्याच्या पोरांची नावं माहीत. बाटली उघडताना तो ती हातात एक गिरकी देऊन उघडायचा. त्याच्या दारातल्या बाकावर माणसं बाटली संपल्यावरही बसून राहायची. आणि तो 'फट्' आवाज! रस्त्यापलीकडून तो कोंडाजीला दिवसभर ऐकू यायचा. जेवायला बसला तरी. एकेक 'फट्' झाला की घास हातात थांबायचा.

छप्पन्न सालच्या वैशाखात एका गुरुवारी वादळ आलं.

सकाळपासून हवा कोंदलेली होती. तीनच्या सुमाराला शिक्रापूरच्या बाजूला आभाळ पिवळं दिसायला लागलं, धुरळा वर चढला. कोंडाजीनं ते बघितलं आणि लगेच कामाला लागला. त्याचं छप्पर पत्र्याचं, पण दर चैत्रात तो पत्र्यांवरून जाड तार आडवी-उभी ओढून खाली दगडात पुरलेल्या कड्यांना आवळायचा. लोक हसायचे. आता त्यानं बाहेरची सगळी खोकी एकेक करून आत नेली, दाराला फळ्या ठोकल्या, फटीत गोणपाट कोंबलं.

शेवटचं खोकं उचलताना त्यानं समोर बघितलं. दत्तोबानं त्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या बाटल्या धुवून दारात उन्हाला मांडल्या होत्या. यंत्र पडवीत, उघड्यावर. मागं चिंचेचं जुनं झाड, त्याची एक फांदी वाळून गेलेली. हाक मारावी, असं कोंडाजीच्या मनात आलं. तोंड उघडलंही असेल. तेवढ्यात बाकावर बसलेल्या दोन ड्रायव्हरांबरोबर दत्तोबा कशाला तरी खदखदून हसला. कोंडाजी खोकं घेऊन आत गेला आणि त्यानं शेवटची फळी ठोकली.

वादळ अर्धा-पाऊण तास होतं. वारा, मग गारा, मग पुन्हा वारा. मधेच एक असा आवाज झाला की मंजुळाबाईनं नवऱ्याचा दंड धरला. थांबल्यावर कोंडाजीनं फळी काढून बघितलं, तर समोर दत्तोबाचं दुकान नव्हतं. चिंच मुळासकट उपटून त्याच्यावर पडली होती. पत्रे ओढ्यापर्यंत उडाले होते. यंत्राचं चाक वाकून पडलं होतं आणि रस्ताभर गारांत काचा मिसळून चमकत होत्या. दत्तोबा बायकोला घेऊन वेळेवर बाहेर पळाला म्हणून दोघं वाचली.

कोंडाजीच्या अकरा बाटल्या फुटल्या. वरच्या फळीवरचं एक खोकं कलंडलं, तेवढंच.

खरं म्हणजे त्या संध्याकाळी त्याला समाधान वाटायला हवं होतं. सुरुवातीला वाटलंही. स्टँडवर आता तो एकटा उरला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली, आणि सगळी समोर. कुणी कुऱ्हाडी घेऊन आले आणि चिंच तोडू लागले. हॉटेलवाल्या भिमाजीनं चहाची किटली पाठवली. ज्या ड्रायव्हरला कोंडाजीनं दहा वर्षं सोडा पाजला, त्यानं गाडी थांबवून दत्तोबाच्या खांद्यावर हात ठेवला. बायका भाकऱ्या बांधून घेऊन आल्या. त्यात मंजुळाबाईही होती.

कोंडाजीकडे एकही माणूस आला नाही. कशाला येतील? त्याचं काही गेलंच नव्हतं. 'कोंडाजी, तुझं बरं राहिलं रे, कसं राखलंस?' एवढं तरी कुणी विचारेल म्हणून तो दारातच उभा होता. भिमाजी जाता जाता म्हणाला, "नशीबवान हायेस बाबा तू."

नशीब! कोंडाजीला ती शिवीच वाटली. चैत्राच्या उन्हात पत्र्यावर चढून हातांना घट्टे पडेपर्यंत तार आवळायची, आणि लोकांनी त्याला नशीब म्हणायचं.

आठ दिवसांनी कोतवालानं दवंडी दिली. वादळात ज्यांच्या धंद्याचं साहित्य निम्म्याच्या वर गेलं असेल, त्यांनी तलाठ्याकडे अर्ज करावा. सरकार त्यांना सगळंच साहित्य नवं घेऊन देणार. मंगळवारी खेडच्या कचेरीतून सर्कलसाहेब येऊन पंचनामा करतील.

"दत्तोबाचं भलं झालं," मंजुळाबाई म्हणाली. "नवीकोरी मिशन येईल त्याला."

कोंडाजी पाटावर बसला होता तो उठला. "नवी?"

"मंग काय सरकार मोडकी देईल व्हय?"

आपलं यंत्र जुनं, पुण्याच्या मालकानं टाकून दिलेलं. पंधरा वर्षं त्याला तेल घालून, ठोकून-ठाकून चालवलं. त्याचं चाक अजून मधेच अडतं. आणि ज्या माणसानं पडवीत उघड्यावर टाकलं, ज्यानं आभाळाकडे मान वर करून बघितलं नाही, त्याला नवंकोरं. कोंडाजीला रात्रंदिवस तेवढंच दिसायला लागलं: समोर नवं पत्र्याचं छप्पर, त्याखाली चकाकणारं चाक, आणि अवतीभवती माणसंच माणसं. आपलंही छप्पर गेलं असतं तर! त्याला स्वतःच्या शाबूत बाटल्यांचा राग येऊ लागला.

शनिवारच्या बाजारात त्यानं तलाठ्याकडे जाऊन अर्ज दिला. बाटल्या: निम्म्याच्या वर गेल्या, असं लिहायला सांगितलं. तलाठ्यानं चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि लिहिलं.

सोमवारी त्यानं मंजुळाबाईला बहिणीकडे कडूसला पाठवून दिलं. दुपारच्या गाड्या गेल्यावर दुकान ओढून घेतलं आणि खोकी मागल्या अंगणात नेली. तिथं बाटल्या धुवायचा मोठा दगड होता. पहिली बाटली त्यानं उचलून दगडावर आपटली. ती फुटलीच नाही. जाड काचेची, गॅसचा जोर सोसायला बनवलेली. टणकन उडाली आणि घरंगळत पुन्हा त्याच्या पायाशी आली. त्यानं ती परत आपटली. परत तेच. मग त्यानं हातोडा आणला.

हातोड्यानं फुटत होत्या. प्रत्येक बाटलीतली हिरवट गोटी बाहेर उडून अंगणात पळायची. काही बाटल्या त्याला ओळखू येत होत्या. एकीच्या तोंडाला टवका उडालेला, एकीत एक बुडबुडा अडकलेला. हात थांबला की तो डोळ्यांसमोर ते नवं चाक आणायचा आणि पुन्हा मारायचा. चार खोकी झाली, पाचवं झालं. सहाव्यात कशी कोण जाणे, एक भरलेली बाटली राहून गेली होती. हातोडा बसला आणि बंदुकीसारखा बार झाला.

काही क्षण त्याला काहीच कळलं नाही. मग दिसलं की उजव्या तळहातात काच आरपार घुसली आहे आणि सदरा कोपरापर्यंत लाल झाला आहे.

त्या आवाजानं रस्त्यापलीकडून दत्तोबा धावत आला. तो त्याच्या पडक्या जागेवर घमेल्यात चिखल घेऊन चाळत बसला होता. मागच्या दारानं आत आला तसे त्याचे हात चिखलानं भरलेले. "दादा! काय झालं?" म्हणाला आणि जागीच थांबला. हातोडा, दगड, काचांचा ढीग, सगळं त्यानं बघितलं. हात धोतराला पुसले, डोक्याचा पटका सोडला, त्याची पट्टी फाडून कोंडाजीचा हात बांधला आणि त्याला धरून दवाखान्याकडे नेऊ लागला.

अर्धी वाट झाल्यावर म्हणाला, "चांगल्या व्हत्या का वो?"

"काय?"

"बाटल्या. त्या फोडल्या त्या."

कोंडाजी बांधलेला हात छातीशी धरून चालत राहिला.

"मला द्यायच्या व्हत्या, दादा." त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो हसतही नव्हता. कोंडाजीनं त्याला न हसता बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "बारा दिस झालं, चिखल चाळतोय. धड बाटल्या किती गावल्या म्हायती हाय? सहा. आन् तुमी..."



संध्याकाळी मंजुळाबाई परतली. तिनं नवऱ्याचा बांधलेला हात बघितला, अंगण बघितलं.

"वादळात फुटल्या," कोंडाजी म्हणाला. "उद्या साहेबाला आसंच सांगायचं."

"परवा मी धुतल्यात ह्या," मंजुळाबाई म्हणाली. काचा झाडून तिनं एका कोपऱ्यात लोटल्या आणि त्या रात्री चूल पेटवली नाही.

मंगळवारी दहाला सर्कलसाहेब सायकलीवरून आले. लक्ष्मणराव त्यांचं नाव. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, उन्हानं रापलेला माणूस. बरोबर तलाठी. पंच म्हणून भिमाजी, आणि शेजारचा म्हणून दत्तोबा. आधी दत्तोबाच्या जागेचा पंचनामा झाला; तिथं बघण्यासारखं होतंच काय, पाच मिनिटांत उरकला. मग मंडळी रस्ता ओलांडून इकडे आली.

लक्ष्मणरावांनी कोपऱ्यातला काचांचा ढीग बघितला. वाकून एक तुकडा उचलला, अंगठ्यानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग त्यांनी वर बघितलं. वर बघता बघता ते दोन पावलं मागं सरले, बाहेर जाऊन पुन्हा आत आले, भिंतीशी पुरलेल्या लोखंडी कड्यांपाशी बसले आणि तार ओढून बघितली. ती हलली नाही.

"तलाठी," ते म्हणाले, "बारा दिवसांत साठ गावं फिरलो. असं बांधलेलं छप्पर एक बघितलं नाही. कुणी बांधलं हे?"

हे कुणी विचारावं म्हणून कोंडाजी किती दिवस दारात उभा होता!

"मी," तो म्हणाला.

"वादळाच्या दिवशी?"

"न्हाई साहेब, दर साली. चैत्र लागला की. आडवी तार पयल्यांदा, मग उभी. कडी दोन हात खोल पुरायची, वरती चुना. दोन पत्र्यांच्या जोडावर तार आली पायजे, तर वारा खालनं शिरत न्हाई."

"आणि पत्रा हलला नाही?"

"हलतोय कशाला!" कोंडाजी म्हणाला. "कागदाचा कपटा उडला न्हाई आतला."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. भिमाजीनं तोंड फिरवलं. लक्ष्मणराव मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला काचेचा तुकडा अलगद ढिगावर ठेवला.

"हाताला काय झालं?"

"काच."

लक्ष्मणरावांनी दत्तोबाकडे बघितलं. "तुम्ही समोरचे. तुमचं काय म्हणणं? या बाटल्या कशानं फुटल्या?"

कोंडाजीनं जमिनीकडे नजर लावली. आता हा बोलणार. बोलूच दे. एकदाचा त्यानं सूड घेतला तर बरं, निदान मनातल्या मनात त्याला दोन शिव्या तरी देता येतील.

दत्तोबानं मान खाजवली. "वादळ लई मोठं व्हतं, साहेब," तो म्हणाला.

यानं कोंडाजी पार पेटला. हाही मोठेपणा यानंच घ्यायचा! उद्या सबंध स्टँडवर होईल, की दत्तोबानं कोंडाजीला सांभाळून घेतलं. मग जन्मभर त्या ओझ्याखाली राहायचं. तो एकदम म्हणाला, "साहेब, अकरा लिवा. वादळात अकरा फुटल्या. बाकीच्या म्या फोडल्या."

तलाठ्याचा टाक थांबला. लक्ष्मणरावांनी कोंडाजीच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "अर्ज मागं घेतो असं लिहून द्या. मी दुसरं काही लिहीत नाही." सायकलीपाशी गेल्यावर ते परत वळले आणि म्हणाले, "छप्पर मात्र झकास बांधलंय." कोंडाजीला तेव्हा ते ऐकवलं नाही.

त्याचा हात बिघडला. टाके पडले, पू झाला, दोन बोटं आखडून बसली. चाक फिरवणं सोडाच, गोटी ढकलायला अंगठ्याला जोर येईना. बाटल्या निम्म्याहून कमी उरल्या होत्या, त्याही रिकाम्या पडून राहिल्या. तिकडे दत्तोबा सरकारी मंजुरीची वाट बघत वखारीत कांद्याची पोती उचलत होता.

एका सकाळी कोंडाजी उठून बघतो तर यंत्रापाशी दत्तोबा. चाकाला तेल घालतोय.

"मी बोलावलंय," मंजुळाबाई म्हणाली. "रोज ठरवलाय त्याचा. तुमाला चाक फिरवता येत आसंल तर सांगा, जा म्हणते त्याला."

कोंडाजी खाटेवर जाऊन बसला. तिथून पुढचे पाच महिने त्यानं जे सोसलं ते त्याचं त्यालाच माहीत. आधी निदान मधे रस्ता होता. आता सगळं त्याच्याच छपराखाली. त्याचंच यंत्र, त्याच्याच बाटल्या, आणि गिऱ्हाईक येतं ते 'काय दत्तोबा!' करत. दत्तोबा आला आणि दुकानापुढे बाक आला. बाकावर ड्रायव्हर आले. पावसाळ्यातसुद्धा, जेव्हा सोडा कुणी पीत नाही, दुकान भरलेलं. चाकाचं ते अडणं दत्तोबानं दोन दिवसांत काढून टाकलं, कुठलीशी चकती घासून. पंधरा वर्षांत कोंडाजीला ते जमलं नव्हतं. त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "जास्त घासू नको, झिजंल."

"न्हाई झिजत, दादा."

बोलायला दुसरं कुणी नसायचं, म्हणून दुपारी दोघं बोलायला लागले. बोलायचा दत्तोबाच, कोंडाजी हां-हूं करायचा. एकदा श्रावणात, बाहेर कुणी नसताना, कोंडाजी म्हणाला, "त्या दिवशी म्या आभाळ बघितलं व्हतं. तुझ्या बाटल्या भायेर व्हत्या. हाक मारली न्हाई."

दत्तोबा बाटल्या धूत होता. तो तसाच म्हणाला, "मला म्हाईत हाय की."

"काय म्हाईत हाय?"

"तुमी खोकी आत नेताना मी बघत व्हतो. ड्रायव्हर लोकान्ला म्हनलं, बघा, दादांची गडबड बघा, जरा धुरळा उडला की फळ्या ठोकायला लागले. त्याच्यावरच हसलो आमी." त्यानं बाटली उपडी ठेवली. "हाक मारली आसती तर आनखी हसलो आसतो."

तीन महिने ही गोष्ट कोंडाजीनं छातीवर दगडासारखी बाळगली होती. तीही दत्तोबानं हसण्यावारी नेली होती. त्याला राग आला, आणि का कोण जाणे, त्या रात्री झोपही बरी लागली.

दसऱ्याच्या सुमाराला मंजुरी आली आणि दिवाळीआधी पुण्याहून मालमोटारीत यंत्र. हिरव्या रंगाचं, पितळी तोट्यांचं. दत्तोबानं समोर पुन्हा छप्पर घातलं, नारळ फोडला, सगळ्या स्टँडला फुकट लेमन पाजला. कोंडाजी गेला नाही. दत्तोबाची बायको बाटली घेऊन आली, ती मंजुळाबाईनं प्यायली. कोंडाजी म्हणाला, "साखर कमी आसंल." ती म्हणाली, "न्हाई. तुमच्यासारखीच हाय." पाच महिन्यांत पोरानं तेही उचललं होतं.

बाक समोर गेला. कोंडाजीनं स्वतः एक बाक करून घेतला आणि दारात टाकला. त्यावर कधी कधी माणसं बसायची. हात थोडा सुधारला होता. गिऱ्हाईक आलं की 'हां'च्या पुढे तो एखादा शब्द बोलायचा, 'कुठं निघाला?' वगैरे. त्याला ते जड जायचं, आणि बोलून झालं की तो समोर बघायचा. दत्तोबानं ऐकलं का?

अठ्ठावन्न साली दत्तोबानं चाकण सोडलं. पिंपरीला औषधाचा कारखाना झाला होता, कामगारांच्या चाळी उठत होत्या. शिफ्ट सुटली की हजार माणसं रस्त्यावर यायची. त्यानं यंत्र उचललं आणि तिकडे गेला. जाताना कोंडाजीच्या पाया पडला. कोंडाजी म्हणाला, "बरं." दोन्ही अंगाच्या गाड्यांची गिऱ्हाइकं आता त्याचीच होती. महिनाभर तो खूश होता, किंवा तसं म्हणत होता. मग गॅसचं नळकांडं आणायला पुण्याला निघाला आणि वाटेत भोसरीला उतरून पिंपरीची गाडी धरली.

संध्याकाळी परतला तेव्हा मंजुळाबाईनं विचारलं, "नळकांडं?"

"पिंपरीला गेल्तो."

"दत्तोबाकडं? बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. दुकान मोठं हाय. माणसं उभी राहायला जागा न्हाई." तो खाटेवर टेकला, पायताण काढलं. "शेजारी एक सायकलवाला हाय. आबाजी म्हणून. दोघांचं लई गूळपीठ. दत्तोबा मला संगं घेऊन जेवायला गेला तर गल्ला त्या आबाजीच्या हातात देऊन आला. दिसतो कसा? दात पुढं. बोलणं बघशील तर निस्तं कचकच. त्याच्यात काय बघितलं दत्तोबानं, कुणास ठाऊक."

मंजुळाबाई हसू दाबत भाकरी थापू लागली.

"बाटल्या धड धुवत न्हाईत दोघं," कोंडाजी म्हणाला. "पुढल्या महिन्यात एकदा परत जाऊन यायला लागंल."